एकच डोळा सारखा चिकटतो?

सकाळी उठावे तर एका डोळ्याच्या पापण्या चिकटलेल्या, नाकाकडच्या कोपऱ्यात चिपडे, दिवसभर पाणी. घरचे म्हणतात, "डोळे आले असतील." मग औषधाच्या दुकानातून थेंब येतात. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. असे महिनोन्महिने चालले असेल, तर दुखणे डोळ्याचे नसून अश्रुनलिकेचे असू शकते.

दोन्ही पापण्यांच्या नाकाकडील टोकाला एकेक बारीक छिद्र असते. डोळ्यातले पाणी त्यातून जेमतेम १० मिलिमीटर लांबीच्या नलिकेत उतरते व अश्रुपिशवीतून नाकात जाते. या नलिकेत क्वचित 'अ‍ॅक्टिनोमायसिस' जातीचे जंतू ठाण मांडतात. मोकळ्या हवेचे त्यांना वावडे, म्हणून बंदिस्त नळीत त्यांचे चांगलेच फावते. तंतूंसारखे वाढून ते पिवळसर, खड्यांसारखे दाणे तयार करतात. बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी १८५४ मध्ये या दाण्यांचे वर्णन केले, तेव्हा ती बुरशी समजली गेली होती!

हा विकार चाळिशी-पन्नाशीपुढच्या स्त्रियांत अधिक दिसतो; बहुधा एकाच डोळ्याला आणि खालच्या पापणीत. अश्रुपिशवीला पू झाला तर सूज नाकाच्या बाजूला येते. इथे मात्र पापणीचा कोपरा सुजतो आणि छिद्र लाल होऊन ओठ काढल्यासारखे फुगते. फसगत होते ती पुढेच. पिचकारीने पाणी सोडून पाहिले, तर ते पुष्कळदा नाकात व्यवस्थित उतरते आणि मार्ग मोकळा आहे असे वाटते. नेत्रतज्ज्ञांनी कापसाच्या काडीने नलिका छिद्राच्या दिशेने दाबली आणि पू किंवा दाणे बाहेर आले, की निदान जवळजवळ पक्के. खात्रीसाठी दाणे प्रयोगशाळेत पाठवतात. घरी मात्र दाबून पाहण्याचा उद्योग नको.

नुसत्या थेंबांनी हे का जात नाही? औषध दाण्यांच्या आत पोचतच नाही. म्हणून जागा बधिर करून, गरज पडल्यास छिद्राला छोटा छेद देऊन, दाणे खरवडून काढतात. नलिका पेनिसिलिनसारख्या औषधाने धुतात, नंतर काही दिवस थेंब. एकही दाणा आत राहिला तर त्रास परततो. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल, तर दीर्घ वापराने काचबिंदूचा धोकाही असतो. तेव्हा तपासणीला जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्याव्यात आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास ती आधीच सांगावी.