गोव्याची क्राफ्ट जिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धान्य किंवा उसाची मळी यांसारख्या कच्च्या मालापासून बनवलेल्या, जवळजवळ गंधहीन अशा मद्यार्काला जुनिपर या सूचिपर्णी झुडपाच्या फळांचा प्रमुख स्वाद दिला की जिन तयार होते. २०१७ मध्ये गोव्यातून ‘ग्रेटर दॅन’ आणि त्यापाठोपाठ २०१८ मध्ये ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ ही जिन बाजारात आली, आणि छोट्या डिस्टिलरीतील या मद्याबरोबरच त्याविषयीच्या अनेक समजुतीही रूढ झाल्या.

पहिली समजूत अशी की, ‘क्राफ्ट’ जिनचा उत्पादक धान्य आंबवण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सारे काही स्वतःच करतो. वस्तुतः ‘क्राफ्ट’ या शब्दाला भारतात कायद्याने ठरवलेला अर्थ नाही, आणि जगभरातील बहुसंख्य छोटे उत्पादक सुमारे ९६ टक्के तीव्रतेचा तटस्थ मद्यार्क मोठ्या कारखान्यांकडून विकत घेतात. यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही, कारण जिनकाराची खरी कारागिरी त्यानंतर सुरू होते. हा मद्यार्क पाण्याने सौम्य करून त्यात जुनिपर, धने, अँजेलिकाचे मूळ, लिंबूवर्गीय फळांच्या साली अशी स्वादद्रव्ये काही तास भिजत ठेवली जातात आणि मग ते मिश्रण तांब्याच्या पात्रात तापवून त्याची वाफ पुन्हा थंड केली जाते. काही ठिकाणी हीच द्रव्ये जाळीच्या टोपलीत ठेवून त्यांतून नुसती वाफ जाऊ दिली जाते, ज्यामुळे फुले आणि साली यांचा नाजूक गंध उकळीत करपत नाही. तांबे येथे केवळ शोभेसाठी नसते, तर ते वाफेतील गंधकयुक्त, उग्र वासाची संयुगे धरून ठेवते.

ऊर्ध्वपातनात सर्व गंध एकाच वेळी बाहेर येत नाहीत. आरंभी सालींचा तजेलदार वास येतो, मध्ये जुनिपर आणि धने प्रबळ होतात, तर शेवटी मुळांचा मातकट, जड गंध उतरतो. आरंभीचा आणि अखेरचा भाग वेगळा काढून मधला भाग नेमका कोठून कोठपर्यंत घ्यायचा, हा निर्णय नाक आणि जीभ यांच्या भरवशावर घ्यावा लागतो, आणि दोन जिनांमधील फरक पुष्कळदा त्या निर्णयातच दडलेला असतो. म्हणूनच बाटलीवर मिरवलेल्या स्वादद्रव्यांची संख्या ही गुणवत्तेची खूण मानणे चुकीचे आहे. पुरणात जायफळ जरा जास्त झाले की बाकी सारे झाकले जाते, तसे जिनमध्येही सहज घडते. जुनिपरचा स्वाद हरवलेल्या मद्याला तर जिन म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

याच टप्प्याशी एक भीती जोडलेली आहे. छोट्या भट्टीतील मद्यात मिथेनॉल हा विषारी मद्यार्क राहून जातो, असे अनेकांना वाटते. मिथेनॉल मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून आंबवण्याच्या वेळी तयार होते, आणि जिनसाठी वापरला जाणारा तटस्थ मद्यार्क आधीच शुद्ध केलेला असल्याने त्यात ते नगण्य असते. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरहून अधिक बळी घेणारी दुर्घटना मिथेनॉलमुळेच झाली, परंतु ती बेकायदा विकल्या गेलेल्या विषारी दारूची होती. परवानाधारक डिस्टिलरीला त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे ठरते.

‘लंडन ड्राय’ ही जिन लंडनमध्येच तयार होते, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात ती एक पद्धत आहे: युरोपीय संघाच्या नियमांनुसार तिचा सारा स्वाद ऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो, नंतर रंग घालता येत नाही आणि साखरेचे प्रमाण लिटरला ०.१ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. त्यामुळे अशी जिन गोव्यातही बनते. याउलट, टॉनिक ओतताच निळ्याची जांभळी होणारी जिन बव्हंशी गोकर्णीच्या फुलांचा रंग वापरते, जो आम्लाच्या संपर्कात बदलतो. हा खेळ मनोरंजक खरा, पण चवीशी त्याचा संबंध थोडाच.

जुनिपर हे सर्वस्वी विलायती द्रव्य आहे, हेही पूर्णतः खरे नाही. हिमालयात ते वाढते, आयुर्वेदाला ते हपुषा या नावाने परिचित आहे, आणि गोव्यातील ‘हपुसा’ या जिनमध्ये हिमालयीन जुनिपरच वापरले जाते.

इतिहासातही असाच एक हट्टी गैरसमज आहे. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास जिनचा शोध लावला, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. परंतु सिल्व्हियस यांचा जन्म १६१४ चा, आणि इंग्रज नाटककार फिलिप मॅसिंजर यांच्या १६२३ मध्ये छापलेल्या नाटकात जिनच्या पूर्वजाचा, म्हणजे जिनिव्हर या डच मद्याचा, उल्लेख आधीच येतो. नऊ वर्षांच्या मुलाला त्याचे श्रेय देणे कठीण आहे.

जिन आणि टॉनिक हे मिश्रण हिवतापावरचे औषध आहे, ही समजूत ब्रिटिश अमदानीतून चालत आली. टॉनिकमध्ये सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनिन असते हे खरे, आणि १८५८ मध्ये एरॅस्मस बाँड यांनी लंडनमध्ये अशा पेयाचे पेटंटही घेतले होते. परंतु अमेरिकी नियमांनुसार आजच्या टॉनिकमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनिन चालते, तर हिवतापावरील उपचारात प्रौढ रुग्णाला दिवसाला सुमारे १.८ ग्रॅम दिले जात असे. म्हणजे रोज वीस लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. जिन कडू लागते ही तक्रारही याच क्विनिनमुळे होते, जिनमुळे नव्हे.

म्हणून नवी जिन प्रथम थोड्या साध्या पाण्याबरोबर, बर्फाविना चाखणे श्रेयस्कर, कारण अतिथंडीत गंध दबतो. बाटली फ्रीझरमध्ये ठेवण्याची प्रथा या दृष्टीने तोट्याची आहे. त्यानंतर एक भाग जिनला दोन ते तीन भाग टॉनिक घ्यावे आणि बर्फाचे तुकडे मोठे असावेत, कारण ते सावकाश वितळतात. पाणी घालताच एखादी जिन दुधाळ दिसू लागली तर ती बिघडलेली नसते. तीव्र मद्यार्कात विरघळलेली सुगंधी तेले तीव्रता उतरताच सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळी होतात, आणि अशी जिन सहसा तेलांनी समृद्धच असते. बंद बाटलीत वर्षानुवर्षे ठेवून जिन सुधारत नाही. उघडल्यावर मात्र तिचा सुगंध हळूहळू उडतो, म्हणून ती साधारण वर्षभरात संपवावी.

गोव्यात रीतसर विकत घेतलेली बाटली महाराष्ट्रात आपोआप वैध ठरते, हा गैरसमज सर्वांत महाग पडू शकतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्य बाळगणे व पिणे हे परवान्याच्या कक्षेत येते, परराज्यातील मद्य आणण्यावर निर्बंध आहेत, आणि तीव्र मद्यासाठी येथे किमान वय २५ वर्षे आहे, गोव्यात २१.