भाड्याची ई-बाईक, अपघात आणि भरपाई: दार कुठलं ठोठावायचं?

सांताक्रूझच्या श्रोत्यांसमोर हा विषय लांबून आणावा लागत नाही. वाकोल्याहून कलिन्याकडे आणि पुढे बीकेसीला जाताना त्या गाड्या रोज दिसतात. ॲपवर कोड स्कॅन केला की सुरू होणाऱ्या, आवाज न करणाऱ्या, नंबरप्लेट नसलेल्या. एमएमआरडीएच्या पुढाकाराने २०२० साली युलूच्या अशा बाईक वांद्रे-कुर्ला संकुलात आल्या, तेव्हा कल्पना होती की स्टेशन ते ऑफिस हा शेवटचा टप्पा लोक त्यांवरून जातील. आज अशा गाड्यांवर डिलिव्हरीची पिशवी लावलेली मुलंही तितकीच दिसतात.

आता ती नसलेली नंबरप्लेट बघा. भरपाईचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवरच्या दुचाकीच्या मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणून लायसन्स नको, आरटीओ नको. लोकांना हे फार आवडतं. पण त्याच सवलतीत आणखी एक गोष्ट निघून जाते: तिसऱ्या व्यक्तीसाठीचा सक्तीचा विमा. तो मोटार वाहनालाच लागतो. (राज्याच्या २०२५ च्या नियमांखाली आलेली ई-बाईक टॅक्सी वेगळी. तिला नंबर असतो, विमा असतो. दोन्हींची गल्लत करू नका.)

त्यामुळे अपघात झाला की पहिला प्रश्न ‘किती मिळेल’ हा नसतो, ‘कोणामुळे लागलं’ हा असतो.

समजा, तुम्ही भाड्याच्या ई-बाईकवर होतात आणि द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडवर मोटारीने उडवलं. इथे तुमची गाडी मोटार वाहन नसली तरी बिघडत नाही, धडकणारी आहे ना! मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्या मोटारीचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध दावा करता येतो. अपघात झाला तिथे, किंवा तुम्ही राहता अथवा कामधंदा करता तिथेही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. मोटार पळून गेली आणि सापडलीच नाही, तर ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. शिवाय मोटार वाहनाच्या अपघातात नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवस, दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे.

रक्कम ठरते कशी, हे नीट समजून घेऊ, कारण बहुतेक लोक इथेच कमी पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं की डॉक्टरांनी लिहिलेलं अपंगत्व आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघा वाकत नाही. कारकून खुर्चीवर बसून काम करत राहील, डिलिव्हरी करणाऱ्याचा धंदाच बसेल. समजा, २६ वर्षांचा मुलगा महिना १८ हजार कमावतो. वर्षाचे २,१६,०००. या वयाला गुणक १७, म्हणजे ३६,७२,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं सिद्ध झालं तर ११,०१,६०० रुपये. औषधपाणी, वेदना, बुडालेले दिवस हे त्यावर वेगळं. पण १८ हजार कमावत होता हे दाखवायला बँकेचं स्टेटमेंट आणि ॲपमधला कमाईचा हिशेब लागतो. खातं बंद झालं की तो हिशेब हाती लागत नाही, म्हणून आधीच उतरवून ठेवा.

दुसरी शक्यता, कोणी धडकलंच नाही, ब्रेक लागला नाही. मग न्यायाधिकरण नाही, ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी आहे आणि सदोष वस्तूची जबाबदारीही आहे. मुदत दोन वर्षं, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी अटी दाखवेल: ‘वापरकर्त्याच्या जोखमीवर’, ‘वाद लवादाकडे’. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ सालीच स्पष्ट झालंय. डिलिव्हरीवाल्याला मात्र ‘हा धंद्यासाठी वापर’ असं ऐकवलं जाईल. त्याला स्वयंरोजगाराने पोट भरण्याचा अपवाद मांडून भांडावं लागेल.

या दाव्यात गाडी हाच पुरावा, आणि ती असते कंपनीच्या ताब्यात. म्हणून राईड बंद करण्याआधी गाडीचा क्रमांक, ब्रेक, टायर यांचे फोटो घ्या आणि त्याच दिवशी ईमेल करा की गाडी दुरुस्त करू नका, राईडची नोंद जपून ठेवा. देसाई रुग्णालयात नेलं काय किंवा दुसरीकडे, ‘घरी पडलो’ असं सांगू नका. पोलिसांची कटकट नको म्हणून लोक असं बोलतात आणि केसपेपरवरचं तेच वाक्य पुढे आडवं येतं.

तिसरा, आपल्या ओळखीचा आरोपी: खड्डा. लहान चाकांच्या या गाड्यांना तो जास्तच नडतो. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम ठरवायला पालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. इथे गाडी मोटार वाहन आहे की नाही, हा प्रश्नच आडवा येत नाही. खड्ड्याचा फोटो मात्र लगेच काढा, तो एका रात्रीत बुजवला जाऊ शकतो.

सगळ्यात कच्ची बाजू त्याची, ज्याला ही बाईक धडकते. स्टेशनबाहेर चालणाऱ्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, तर न्यायाधिकरण नाही आणि मागे सक्तीचा विमाही नाही. बेदरकारपणे चालवल्याचा गुन्हा नोंदवता येतो, पण पैशांसाठी उरतो दिवाणी दावा, तोही कदाचित खिशात काही नसलेल्या पोरावर. कंपनीने स्वतःहून विमा घेतला असेल तर ठीक. आमच्या मते, निदान भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांना तरी असा विमा सक्तीचा हवा.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय: दोघं बसले होते, हेल्मेटही नव्हतं, मग दावा बुडाला का? नाही. एका मोटारसायकलवर तिघं बसल्याच्या मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की नुसता नियमभंग पुरेसा नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे समोरच्याने दाखवायला हवं. डोक्याला मार असेल तर हेल्मेटचा मुद्दा ते काढतीलच. पाय मोडला असेल, तर हेल्मेटचा संबंध काय, हे आपल्या वकिलाने विचारायचं.