कॅमेऱ्याचे ओझे आणि पाठीवरची सॅक

छायाचित्रणाचा छंद जडला की माणूस कॅमेऱ्याची निवड मोठ्या चोखंदळपणे करतो. भिंगांची तुलना करतो, जाणकारांचा सल्ला घेतो, चार दुकाने पालथी घालतो. मात्र ही सारी सामग्री ज्या सॅकमधून न्यायची, तिची निवड बहुधा अखेरच्या पाच मिनिटांत, दुकानदाराने पुढे केलेल्या दोन-तीन नमुन्यांतून उरकली जाते. या घाईचे मोल प्रवासात कळते. दुपार कलते न कलते तोच खांदे भरून येतात. किंवा समोर मनाजोगते दृश्य उभे असते आणि कॅमेरा सॅकच्या तळाशी कपड्यांखाली असतो. छायाचित्र साधण्यासाठी कॅमेरा योग्य क्षणी हाती यावा लागतो, आणि तो हाती घेणाऱ्याच्या अंगात त्या वेळी त्राणही उरलेले असावे लागते. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी सॅकच ठरवीत असते.

छायाचित्रणाच्या आरंभकाळी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला जाई. सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयाच्या तीन यात्रा केल्या. त्या काळी काचेच्या पट्टीवर जागच्या जागी रसायन चढवून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. त्यामुळे काचा, रसायने आणि अंधारखोलीचा तंबू हे सारे बिऱ्हाड डोंगरावर न्यावे लागे. पहिल्याच यात्रेत बोर्नबरोबर सुमारे ३० हमाल होते. १८६६ साली १८,००० फुटांहून उंच असलेल्या मणिरंग खिंडीतून त्याने चित्रे आणली, तीही या अनामिक हमालांच्या पाठीवरून. ओझे दुसऱ्याच्या पाठीवर असले म्हणजे काय घ्यावे आणि काय ठेवावे, याचा फारसा विचार करावा लागत नाही.

तो विचार करावा लागला ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाला. त्याला दम्याचा विकार होता, आणि भल्यामोठ्या कॅमेऱ्याचे ओझे घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून त्याने १९१३-१४च्या सुमारास एक चिमुकला कॅमेरा तयार केला. १९२५ साली तोच 'लायका' या नावाने बाजारात आला आणि छायाचित्रणाची रीतच पालटली. हमालांचा तांडा गेला. कॅमेरा स्वतः छायाचित्रकाराच्या अंगावर आला. आपल्याकडे होमाई व्यारावाला या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार साडी नेसून, आपली अवजड सामग्री बरोबर घेऊन दिल्लीच्या रस्त्यांवरून सायकलने हिंडत. आज कॅमेरे कितीतरी हलके झाले आहेत. परंतु बरोबर न्यावयाच्या वस्तूंची संख्या वाढल्यामुळे एकूण भार म्हणावा तितका घटलेला नाही.

त्या भाराचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. मोठ्या प्रतीच्या कॅमेऱ्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नेहमीच्या वापरातील भिंग ८०० ग्रॅम, दूरचे टिपणारे भिंग १ किलो ४०० ग्रॅम, बॅटऱ्या, चार्जर व किरकोळ वस्तू मिळून ५०० ग्रॅम आणि तिवई दीड किलो धरली, तर बेरीज ४ किलो ९०० ग्रॅम होते. फोमचे अस्तर असलेली कॅमेऱ्याची सॅक रिकामी असतानाच दोन किलोंच्या आसपास भरते. त्यात लिटरभर पाणी आणि दीड किलोचे कपडे व खाणे घातले की भार ९ किलो ४०० ग्रॅमवर जातो. दिवसभर वाहायचे ओझे स्वतःच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा एक व्यवहारी ठोकताळा आहे. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ही मर्यादा ६ ते ९ किलोंची झाली. म्हणजे हौसेने केलेली ही साधी यादीच मर्यादा ओलांडून गेली. म्हणून सॅक निवडताना तिचे रिकामे वजन प्रथम विचारावे. जाड फोम, असंख्य कप्पे आणि वजनी बक्कले दुकानात दिमाखदार दिसतात. परंतु हा दिमाख वाटभर आपल्यालाच वाहावा लागतो.

वजनाइतकेच महत्त्व ते शरीराच्या कोणत्या भागावर पडते याला आहे. हे शहाणपण आपल्या समाजाला नवे नाही. पाण्याचा हंडा नेणारी स्त्री डोक्यावर चुंबळ ठेवते, म्हणून भार नेमका कण्याच्या रेषेत उतरतो. जुने वाटसरू खांद्यावर पडशी टाकीत. तिची एक झोळी छातीवर, दुसरी पाठीवर, म्हणून तोल आपोआप साधे. एका खांद्याला लटकणाऱ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत हा तोल नसतो. तासाभराच्या कामाला ती सोयीची असते. दिवसभराच्या चालीत मात्र मान व पाठ एका बाजूला ओढली जाते.

दोन पट्ट्यांची सॅक हा दोष दूर करते. तथापि तिचे खरे बळ खांद्याच्या पट्ट्यांपेक्षा कमरेच्या पट्ट्यात असते. हा पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर घट्ट बसला की भाराचा मोठा हिस्सा खांद्यांवरून उतरून कमरेवर आणि तिथून पायांवर जातो. पट्टा पोटावर बसत असेल किंवा नुसत्या नाडीसारखा अरुंद असेल, तर त्याचा उपयोग नाही. यासाठी सॅकची लांबी माणसाच्या उंचीवरून न ठरवता पाठीच्या लांबीवरून ठरवावी. मान पुढे वाकवली की तिच्या तळाशी एक हाड ठळकपणे वर येते. तिथपासून, कमरेवर हात ठेवले असता दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. सारख्या उंचीच्या दोन माणसांत हे अंतर पुष्कळदा वेगळे निघते, आणि म्हणूनच मित्राला मानवलेली सॅक आपल्याला मानवेलच असे नाही. सॅक चढवताना आधी कमरेचा पट्टा बांधावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत आणि शेवटी छातीवरची पट्टी लावावी. आत सामान भरताना जड भिंगे पाठीला लागून मध्यभागी ठेवावीत. ती बाहेरच्या बाजूस गेली की सॅक मागे ओढते आणि चालणारा पुढे वाकतो.

आता प्रश्न उरतो तो कॅमेरा चटकन हाती येण्याचा. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरी यांनी तेनसिंग नोर्गे यांचे छायाचित्र घेतले. थंडीने गारठू नये म्हणून तो कॅमेरा त्यांनी सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेत ठेवला होता. सामान्य प्रवाशाला इतके करण्याची गरज नसते. पण कॅमेरा हाताच्या टप्प्यात हवा, हे तत्त्व सर्वत्र सारखेच. ज्या सॅकला बाजूने दार असते, ती एका खांद्यावरून पुढे सरकवून, खाली न ठेवता कॅमेरा काढता येतो. जिचे दार पाठीला टेकणाऱ्या बाजूस असते, ती उघडण्यासाठी उतरवावी लागते. परंतु गर्दीत मागच्या माणसाला तिच्यात हात घालता येत नाही, आणि ती पालथी ठेवल्यामुळे पाठीचा भाग चिखलात माखत नाही. यांपैकी कोणती चांगली, याला एकच उत्तर नाही. जायचे कुठे, यावर ते अवलंबून आहे.

उदाहरणार्थ, आषाढीच्या वारीबरोबर चालणारा छायाचित्रकार घ्यावा. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा मार्ग, जवळजवळ तीन आठवड्यांची चाल, वर पाऊस, खाली चिखल आणि चहूकडे माणसे. त्याची सॅक खांद्यांपेक्षा रुंद असता कामा नये. नाहीतर वळताना तिचा धक्का शेजारच्या वारकऱ्याला बसेल. त्याला कमरेचा पट्टा हवा, मागचे सुरक्षित दार हवे, आणि रिंगण सुरू होताच कॅमेरा हाती यावा यासाठी बाजूचेही दार हवे. उलट, ताडोबाच्या जंगलात उघड्या जीपमधून वाघ पाहायला जाणाऱ्याची सॅक दिवसभर आसनावरच पडून असते. त्याला कमरेच्या पट्ट्याचे काम नाही. मोठे भिंग मावेल असा लांब कप्पा आणि धूळ आत येऊ न देणारी चेन, एवढे त्याला पुरे.

पावसाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी झटकून टाकणारे कापड आणि पाणी मुळीच आत न शिरू देणारी सॅक या दोन भिन्न गोष्टी होत. कापड कितीही चांगले असले तरी शिलाईच्या छिद्रांतून आणि चेनीतून पाणी वाट काढते. सॅकबरोबर मिळणारे पावसाळी आवरण शेतकऱ्याच्या इरल्यासारखे वरून व मागून संरक्षण देते. परंतु मानेवरून ओघळून पाठ आणि सॅक यांच्यामध्ये उतरणारे पाणी ते अडवीत नाही. म्हणून आत आणखी एक जाड प्लास्टिकची पिशवी असणे शहाणपणाचे.

त्याहून मोठा धोका पाऊस थांबल्यानंतरचा आहे. ओलसर, काळोखी आणि वारा न लागणारी जागा बुरशीला फार प्रिय. आणि भिजलेली बंद सॅक म्हणजे नेमकी अशीच जागा. बुरशी भिंगावरील लेपाला एकदा डाग पाडून गेली की तो पुष्कळदा कायमचा राहतो. यास्तव मुक्कामी पोचताच सॅक रिकामी करावी, तिचे अस्तर वाळवावे आणि आतल्या सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात. वातानुकूलित डब्यातून दमट फलाटावर उतरल्याबरोबर मात्र सॅक उघडू नये. गार भिंगावर बाष्प धरते. अर्ध्या-पाऊण तासाने, आतबाहेरची उष्णता सारखी झाल्यावर कॅमेरा काढावा.

विमानप्रवासात हिशेब आणखी काटेकोर होतो. देशांतर्गत प्रवासात हाती न्यावयाच्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलोंची असते, आणि लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या तर हातच्या सामानातच न्याव्या लागतात. मघाच्या यादीत पाणी आणि कपडे वगळता सॅकसह सामग्री ६ किलो ९०० ग्रॅम भरली होती. एक पुस्तक घातले तरी काटा पुढे सरकेल.

सॅक घेण्यापूर्वी म्हणूनच आपली खरी सामग्री दुकानात न्यावी, ती सॅकमध्ये भरावी, पाठीवर घेऊन अर्धा तास वावरावे, जिना चढून उतरून पाहावा. सॅक उघडून कॅमेरा डोळ्यांपर्यंत येण्यास किती वेळ लागतो तेही मोजावे. ज्यांच्याजवळ चांगली डोंगरी सॅक आधीच आहे, त्यांनी नवी न घेता कॅमेऱ्यासाठी फोमचा सुटा डबा तिच्यात बसवला तरी काम भागते. आणि दोन आकारांत मन अडकले, तर लहान सॅक घ्यावी. मोठ्या सॅकमध्ये जागा उरली की काहीतरी भरले जातेच. लहान सॅक निघण्यापूर्वीच विचारते की, हे दुसरे भिंग खरोखर लागणार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर घरी देणे थोडे जड जाते. पण बाराव्या दिवशी, घाटाच्या चढणीवर, ते न दिल्याबद्दलची शिक्षा त्याहून पुष्कळ जड असते.