पाकिटातल्या १२० ग्रॅमचं कारण

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच यवतमाळचं शिवार त्याने व्यापलं. ‘याला बोंडअळी लागत नाही’ एवढंच वाक्य गावोगाव पोचलं, आणि ते अपुरं होतं. बीटीतली प्रथिनं बोंडअळ्यांच्या आतड्यावर घाव घालतात. तुडतुडे, पांढरी माशी यांवर त्यांचा परिणाम होत नाही. तेव्हा बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेने पेरायची होती, कारण तिथे वाढलेले, बीटीला बळी पडणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी मीलन करतात आणि अळीत प्रतिकार पसरायला वेळ लागतो. हे न सांगता दिलेली पुडी घरात पडून राहणारच होती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या बीटीलाही जुमानलं नाही. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्याला वाढलेल्या फवारणीशिवाय इतरही कारणं होती.

इतका तपशील शेतकऱ्याला झेपत नाही, असा आक्षेप असतो. तो मला मान्य नाही. एकच औषध वारंवार मारलं की कीड त्याला सरावते, हे कापूस उत्पादकाने स्वतःच्या रानात पाहिलेलं असतं. दुसरा आक्षेप खरा होता: कडेच्या बिगर-बीटी ओळींचं नुकसान एकट्याने सोसायचं, फायदा साऱ्या शिवाराचा. म्हणूनच वैज्ञानिकांनी तंत्राच्या मर्यादेसोबत असा खर्चही पेरणीआधी गावापुढे मांडायला हवा.