उभ्या विमानाला कुठला वारा उलटवतो?

३१ मार्च २०११. अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेकलँडला छोट्या विमानांचा मोठा मेळा चालू होता. वादळ आलं आणि मैदानात उभी असलेली कितीतरी विमानं उलटली. इंजिन बंद, आत कुणी नाही, मग ती उचलली कशी गेली?

कारण साधं आहे. इंजिन चालू आहे की बंद, हे पंखाला कळत नाही. त्याला कळते ती फक्त अंगावरून जाणारी हवा. विमान पुढे पळालं काय, किंवा वारा समोरून आला काय, पंखाला दोन्ही सारखंच.

आता आकडे घालून बघू. विमान उचलणारं बल, म्हणजे लिफ्ट, काढायला चार गोष्टींचा गुणाकार करायचा: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि लिफ्टचा गुणांक. मग त्याचं निम्मं घ्यायचं. सेस्ना १७२ च्या पंखाचं क्षेत्रफळ साधारण १६.२ चौरस मीटर आहे. घनता १.२ आणि गुणांक ०.५ धरू. समोरून ताशी ३६ किलोमीटर वारा असेल तर लिफ्ट होते सुमारे ५० किलो वजनाइतकी. वारा दुप्पट, म्हणजे ७२ झाला, की २०० किलो. १०८ झाला की जवळजवळ ४५० किलो!

तुम्ही म्हणाल, रिकामी सेस्ना तर पाऊण टनाची असते, मग घाबरायचं कशाला? पण उलटायला अख्खं विमान उचलावं लागत नाही. पंखांचा पसारा ११ मीटर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम अडीच. वारा तिरका आला आणि एका बाजूचा पंख जास्त उचलला गेला, की तोल जातो. म्हणूनच दोन्ही पंख आणि शेपूट, अशा तीन ठिकाणी विमान बांधून ठेवतात.

इथपर्यंत सगळं पुस्तकातलं झालं. संशोधनाचा प्रश्न पुढे आहे: सूत्रात वेग कुठला घालायचा?

विमानतळावरच्या हवामान अहवालातला वारा सहसा दहा मिनिटांची सरासरी असतो, आणि तो जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात. सेस्नाचा पंख मात्र दोन-अडीच मीटरवर, जिथे वारा सहसा कमी असतो. म्हणजे आपण धोका वाढवून सांगतोय का? उलट, विमान उलटायला दहा मिनिटं लागत नाहीत, काही सेकंदांचा झोत पुरतो. मग आपण धोका कमी सांगतोय का? दोन चुका विरुद्ध दिशेच्या आहेत, पण त्या एकमेकींना खोडतील असं गृहीत धरता येत नाही. त्यात वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेगातली २० टक्क्यांची चूक बलात ४४ टक्क्यांची होते.

आपल्याकडचा वळीव आठवा. ढगातून खाली आपटलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि शांत दुपारी एकदम झोत येतो. तो मिनिटभरात ओसरला, तर दहा मिनिटांच्या सरासरीत नीट दिसतही नाही. गोंदियासारख्या ठिकाणी, जिथे वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं असतात, हा फरक कागदावरचा राहत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना नुसतं 'वाऱ्याचा परिणाम' असं लिहू नका. किती उंचीवरचा, किती सेकंदांचा आणि कुठल्या दिशेचा वारा, हे आधी ठरवा. सुरुवात म्हणून एखाद्या वादळी दिवसाची नोंद मिळवा, झोताच्या वेगाला सरासरी वेगाने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. नुसती सरासरी वापरली असती तर बल किती पट कमी धरलं गेलं असतं, ते लगेच समोर येईल.