पाणी करणारं जहाज

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणातल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. वीज नाही, म्हणून पंप नाहीत. पंप नाहीत, म्हणून नळाला पाणी नाही. समोर मात्र अख्खा अरबी समुद्र! अशा वेळी एखादं जहाज येऊन त्याच समुद्राचं पाणी गोडं करून देऊ लागलं तर?

हे घडलेलं आहे, पण मालदीवमध्ये. डिसेंबर २०१४मध्ये माले शहरातल्या खाऱ्याचं गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि राजधानीचे नळ आटले. दुसऱ्याच दिवशी भारतीय नौदलाची ‘सुकन्या’ तिथे पोचली. तिच्या पोटात ३५ टन पाणी होतं, शिवाय दिवसाला २० टन पाणी तयार करणारी यंत्रं. मागोमाग मुंबईहून ‘दीपक’ हे टँकर जहाज गेलं.

त्या यंत्रांची करामत बघा. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मध्ये क्षार अडवणारा पडदा असला, तर निसर्गनियमानं गोडं पाणी त्यातून खाऱ्याकडे धावतं. आपल्याला ते उलटं पळवायचं असतं. त्यासाठी खाऱ्या पाण्यावर सुमारे ६० बार दाब देतात, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक धडधाकट माणूस उभा! पडद्याचा क्षार अडवणारा थर केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ, तरी तो हा भार सोसतो. मोठ्या आधुनिक प्रकल्पांत हजार लिटरमागे वीज लागते तीन-चार युनिट. यातलं काहीही उकळावं लागत नाही.

दुसरीही एक युक्ती आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २००७मध्ये तराफ्यावर दिवसाला दहा लाख लिटरचा प्रकल्प चालवून दाखवला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचं आणि खोलातल्या थंड पाण्यानं ती वाफ निववायची. आपल्याकडे कोकणात ती जमणार नाही. इथला समुद्र इतका उथळ, की तसं थंडगार खोल पाणी गाठायला शेकडो किलोमीटर आत जावं लागेल. म्हणजे आपल्याला पडदाच बरा.

कोकणातल्या दरवर्षीच्या एप्रिल-मेच्या टंचाईवर मात्र हा उतारा नव्हे. जहाजाचं पाणी धक्क्यापर्यंत येतं. डोंगरावरच्या वाडीला शेवटी टँकरच चढवावा लागतो. तिथे विहिरीचा गाळ काढणंच स्वस्त. पण वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी हे हुकमी साधन ठरू शकतं. पावसाळ्यात खाडीचं गढूळ पाणी पडदा तुंबवतं, म्हणून पाणी बाहेर समुद्रात करावं आणि ते घेऊन जहाजानं राजपुरी खाडीतल्या दिघी बंदरात यावं. तिथे पाइप जोडायची आणि टँकर भरायची सोय श्रीवर्धन तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात आताच लिहून ठेवा.