घरचं काडतूस परवडतं का?

(भोकर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे प्रश्न शेवटी दिले आहेत.)

सोयाबीनच्या काढणीचे दिवस, त्यात संध्याकाळी जागलीला जायची घाई, तरी एवढी माणसं आलात, बरं वाटलं.

आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मला एका शेतकऱ्यानं दिला. माणूस परवानाधारक आहे, बारा बोअरची बंदूक बाळगतो, शेत जंगलाला लागून. मला म्हणाला, "सर, काडतूस लई महाग पडायलंय. रिकाम्या नळ्या डबाभर पडल्यात घरात. मोबाईलवर बघतो तर अमेरिकेतले लोक घरीच भरायलेत. आपण भरलं तर परवडंल का नाही?" मी त्याला तिथल्या तिथं 'नको' म्हणू शकलो असतो. पण 'नको' म्हटल्यावर माणूस 'का?' विचारतो, आणि ते त्याचं बरोबरच आहे. म्हणून आज तो 'का' उलगडून बघू.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघा. बाहेर प्लास्टिकची किंवा कागदाची नळी. तिच्या बुडाला धातूची वाटी. वाटीच्या मधोमध प्राइमर, म्हणजे टोपी. घोडा पडला की ठिणगी तिथं पडते. टोपीच्या वर दारू. दारूच्या वर बूच, पूर्वी नमद्याचं असायचं, आता बहुतेक प्लास्टिकचं. बुचाच्या वर शिशाचे छर्रे. आणि सगळ्यात वर नळीचं तोंड दुमडून बंद केलेलं. झालं काडतूस. बार उडाला की टोपी, दारू, बूच, छर्रे संपतात. नळी आणि वाटी तेवढी हातात उरते. घरी भरायचं म्हणजे याच रिकाम्या नळीत बाकी चार वस्तू पुन्हा घालायच्या आणि तोंड दुमडायचं. यात गूढ काही नाही.

जाता जाता एक. 'बारा बोअर' हा शब्द आपण रोज वापरतो, पण बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. आकडा वाढला की नळी लहान, हे त्यामुळं.

आता हिशेब. मी मुद्दाम रुपयांत बोलणार नाही, कारण भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतो. हिशेब काडतुसांतच करू. समजा, नळी फुकट धरून बाकीचा माल घातला आणि नव्या काडतुसाच्या निम्म्या किमतीत भरलेलं काडतूस तयार झालं. हे मी भरणाऱ्याच्या बाजूनं सढळ हातानं धरतोय. कारण छर्रेच घ्या. एका काडतुसात 28 ग्रॅम शिसं धरलं तर किलोभर छऱ्र्यांत पस्तीस काडतुसं होतात. शिसं ही जड आणि विकतची वस्तू, तिथं घरचं-बाहेरचं असं काही नसतं. आणखी समजा, भरायचं साधं यंत्र दोनशे नव्या काडतुसांच्या किमतीत आलं. दर काडतुसामागं अर्ध्या काडतुसाची बचत, म्हणजे यंत्राचे पैसे फिटायला चारशे काडतुसं भरायला लागतील.

आता सांगा, तुम्ही वर्षाला किती बार काढता? खरं सांगा. (सभागृहातून: "दहा-पंधरा.") वीस धरू. चारशे भागिले वीस, वीस वर्षं. म्हणजे आज यंत्र घेतलं तर वीस वर्षांनी पहिला रुपया सुटणार. तोवर यंत्राला गंज, आणि आपल्यालाही! शिवाय एक नळी जन्मभर पुरत नाही. तोंड पुन्हा पुन्हा दुमडून तिथं चिरा पडतात, वाटी सैल होते. काही वेळा भरली की ती टाकून द्यावी लागते.

मग अमेरिकेतले लोक वेडे आहेत का? नाहीत. त्यांचा वापर वेगळा आहे. तिकडं मातीच्या उडत्या थाळ्यांवर नेम धरायचा खेळ आहे, ट्रॅप आणि स्कीट, ऑलिम्पिकमध्येही आहे. ट्रॅपच्या पात्रता फेरीत 125 थाळ्या असतात आणि एका थाळीवर दोन बार काढायची मुभा. म्हणजे एका स्पर्धेत अडीचशेपर्यंत काडतुसं. सराव वेगळाच. आपल्या शेतकऱ्याला जी चारशे काडतुसं वीस वर्षं पुरतात, ती त्यांच्यातला एखादा आठवड्यात संपवतो. त्याच्यासाठी यंत्र महिन्याभरात फिटतं.

गंमत म्हणजे तिथंही आता बारा बोअरच्या बाबतीत लोक कुरकुरतात, की यात फारसं सुटत नाही. कारण बारा बोअरचं साधं काडतूस कारखान्यात प्रचंड संख्येनं निघतं आणि स्वस्त पडतं. खरी बचत होते ती अठ्ठावीस बोअर आणि त्याहून बारीक चारशे दहाच्या नळीत. तिच्यात शिसं कमी, दारू कमी, तरी दुकानात भाव जास्त! का? खप कमी म्हणून. म्हणजे आपण काडतुसाचा जो भाव मोजतो, त्यात मालापेक्षा 'किती निघतात' याचा वाटा मोठा असतो. सोयाबीनचं तेल आणि करडीचं तेल यांच्या भावाचा विचार करा, म्हणजे कळेल.

आपल्याकडं काडतूस कुठं बनतं? पुण्याजवळच्या खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. 'शक्तिमान' नावाचं बारा बोअरचं काडतूस तिथलं. 2021 साली सरकारी आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडियाकडं गेला. बनवणारे मोजके आणि विकणारे परवान्यावरचे, त्यामुळं आपल्याकडं भाव चढा वाटतो, हे त्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नाही.

आता कुणी म्हणेल, सर, आमचे आजोबा तर घरीच भरायचे की. बरोबर. पण ते काय भरायचे? ठासणीची बंदूक. माझ्या आजोळी होती. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि मागं कानाला टोपी. प्रत्येक बार हा घरीच भरलेला बार! त्या बंदुकीत दुसरा मार्गच नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ती पुरेशी पडत नसेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो असंही म्हटलंय. म्हणजे आजोबांची रीत कायद्यातच बसवलेली आहे.

मग ठासणीत भरलं तर चालतं आणि काडतुसात भरलं तर नाही, हा काय न्याय? याची दोन उत्तरं आहेत. एक दारूचं आणि एक कायद्याचं. दारूचं आधी सांगतो, कारण कायदा नंतर पकडतो, दारू लगेच पकडते.

आजोबांची दारू काळी. सोरा, गंधक, कोळसा. ती मापानं घालायची असते आणि थोडी इकडंतिकडं झाली तर धूर जास्त निघतो, धक्का जास्त बसतो, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. आजच्या काडतुसातली दारू धूर न करणारी, नायट्रोसेल्युलोजची. ती तशी माफ करणारी नाही. तिच्यात शेकडो प्रकार, प्रत्येकाची जळायची गती वेगळी. एका प्रकाराचं माप दुसऱ्याला लावलं की दाब एकदम चढतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणं बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा दाब 740 बारपर्यंत चालतो. तुमच्या मोटारीच्या चाकात साधारण दोन बार हवा असते. यावरून नळीच्या आत काय चाललेलं असतं याचा अंदाज करा, आणि ती नळी तुमच्या डाव्या तळहातात असते, गाल लाकडाला टेकलेला असतो. जुनी, आजोबांच्या काळातली, पट्ट्या पिळून घडवलेली नळी असेल तर ती या दाबासाठी बनलेलीच नाही.

लोकांना वाटतं धोका फक्त जास्त दारूचा. मला कमी दारूचा जास्त वाटतो. घाईत एका नळीत दारू कमी पडली. बार फुसका निघाला, 'फट्' असा. बूच नळीतच अडकलं. रात्रीची वेळ, समोर डुकरं, माणूस गडबडीत दुसरं काडतूस घालून घोडा ओढतो. पुढं रस्ता बंद. नळी तिथं फुगते नाहीतर फाटते. म्हणून कुणाच्याही हातात, कुठल्याही काडतुसाचा, अगदी कारखान्यातल्यासुद्धा, आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर थांबा. बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार दिसतंय का बघा. आजच्या व्याख्यानातून बाकी काही नाही नेलं तरी हे न्या.

आता कायदा. शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणं दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तुमच्या खिशातला परवाना बाळगायचा आणि वापरायचा आहे, बनवायचा नाही. आणि इथं एक बारीक गोष्ट आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या दिलीय, त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायचं यंत्रही येतं! म्हणजे काडतूस एकही भरलं नाही, नुसतं यंत्र मागवून माळ्यावर ठेवलं, तरी प्रश्न उभा राहतो. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 25 मधली शिक्षा वाढली. विनापरवाना दारूगोळा बनवल्याबद्दल पूर्वी किमान तीन वर्षं होती, आता किमान सात, आणि वर जन्मठेपेपर्यंत. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, ते मात्र आपल्या सोयीचं. दारूसाठी 1884 चा विस्फोटक कायदा आणखी वेगळा.

वीस वर्षांनी सुटणारा रुपया एका बाजूला आणि सात वर्षं दुसऱ्या बाजूला. पण मला हा हिशेब इथंच सोडायचा नाही, कारण त्या शेतकऱ्याचं खरं दुखणं काडतूस नाही. त्याचं दुखणं रानडुक्कर आहे, आणि रोही. कळप एका रात्रीत सोयाबीन लोळवतो, हरभऱ्याच्या गाठ्याच्या वेळी रोही येतात. पावसाळा संपला की भोकरपासून तेलंगणाच्या हद्दीपर्यंत बांधाबांधावर रात्री बॅटऱ्या दिसतात.

आता वर्षातले ते पंधरा-वीस बार कशासाठी असतात? बहुतेक हवेत, आवाजासाठी. मारायचा विचार असेल तर बंदुकीचा परवाना पुरत नाही. रानडुक्कर आणि रोही ही दोन्ही जनावरं वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, नवी रचना 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. बरेच जण म्हणतात, 'पीक-संरक्षणाचा परवाना आहे म्हणजे मारायला मोकळीक.' नाही. तो परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही. आणि नुसत्या आवाजासाठीच बार काढायचा असेल, तर काडतुसात छर्रे किती आणि कुठले, ही सगळी मेहनत कुणासाठी?

शिवाय निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करायची नोटीस येते. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. वेचणीला आलेला कापूस, फुलोऱ्यातली तूर, आणि बंदूक ठाण्यात. डुकरांना आचारसंहिता नसते!

यंत्राला घालणार होता ते पैसे बांधावर घाला, असं मी त्याला म्हणालो. सौर झटका कुंपण. त्यात विजेचा ठोका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं सरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना वनखात्याच्या योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. घरच्या मीटरवरून तारेत थेट करंट सोडणं मात्र खून आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. आपल्याच शेजाऱ्याचं पोरगं त्यात जातं. आणि नुकसान झालं तर फोटो काढा, अर्ज लगेच द्या, पंचनामा करून घ्या. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत धसकटंही उरत नाहीत ही तक्रार मला माहीत आहे, म्हणूनच फोटो आधी.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : यंत्र नाही, हातानं दोन-चारच भरली तर?

यंत्र नसलं की धोका वाढतो, कमी होत नाही. दारूचं वजन आणि तोंडाची दुमड दोन्ही अंदाजानं होतात. आणि कायद्यात 'दोन-चारच' असं कुठं लिहिलेलं नाही.

प्रश्न : खेळाडूंना काडतूस स्वस्त कसं मिळतं?

नामवंत नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत परदेशी काडतुसं आणायची सोय आहे. ती खेळासाठी आहे, शेतीसाठी नाही.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या पेटीत जुनी काडतुसं आहेत, काही पितळी, बुडाला हिरवट चढलंय. काय करावं?

चांगलं विचारलंत. ती उडवून बघू नका. फोडून दारू, छर्रे काढू नका. घासून पितळ चमकवू नका, टोपी तिथंच आहे. परवानाधारक गेला की बंदूक आणि काडतुसं दोन्ही तुमच्या नावावर आपोआप येत नाहीत. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं लेखी जमा करा, पोच घ्या. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, तो नंतर निवांत करा. पेटी आज रात्री लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा. चुलीपासून लांब.